ऐकू यायलंय, दिसंना

गेल्या पावसाळ्यात जपानहून माझ्या नावे एक खोकं आलं. पोस्टमनने कस्टम ड्युटीचा कागद पुढे केला, मी पैसे मोजले, सही केली. बायको दारात उभी राहून बघत होती. खोक्यातून तांबडं-पांढरं, पिवळट पडलेलं प्लास्टिकचं यंत्र निघालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पंचेचाळिसाव्या वर्षी खेळणी?"

खेळणंच होतं ते. निन्तेन्दो कंपनीचं 'फॅमिकॉम', म्हणजे फॅमिली कॉम्प्युटर. १५ जुलै १९८३ रोजी जपानात ते १४,८०० येनला विक्रीस आलं. अमेरिकेत १९८५ साली हेच यंत्र करड्या पेटीत घालून 'एनईएस' या नावाने गेलं. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात 'समुराई', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' वगैरे नावांनी जे व्हिडिओ गेम घरोघर आले, त्यांचं मूळ कुळ हेच. '९९९९९९९ इन १' असं छापलेली आणि प्रत्यक्षात चार-पाचच खेळ असलेली कॅसेट ज्यांनी फुंकर मारून बसवली आहे, त्यांना मी कशाबद्दल बोलतोय ते कळलं असेल.

जपानात असली मोडकी यंत्रं 'जंक' म्हणून लिलावात निघतात. चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही. विकणारे परदेशात पाठवत नाहीत, म्हणून मधे एक दलाल कंपनी लागते. यंत्रापेक्षा टपालखर्च जास्त पडतो. एका जाणकाराने सुचवलं की खोक्यावर 'भेटवस्तू' असं लिहून घ्यावं. पण डिसेंबर २०१९ पासून टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमाफी बंद झालेली आहे, अपवाद फक्त जीवरक्षक औषधांचा आणि राख्यांचा! फॅमिकॉम काही राखी नव्हे. आणि जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर खुणा करणाऱ्या कारकुनाने स्वतःचा अर्ज खोटा भरावा, हेही बरं दिसत नाही. तसं एक खोटं माझ्या खात्यावर आधीच जमा होतं, आणि हा सगळा खटाटोप त्याच्यापायी होता.

त्यासाठी मागे जायला हवं. १९९२ चा नाताळ. आमच्या शेजारचे काका तारवटी. बोटीवर आठ-नऊ महिने, घरी दोन-तीन. आमच्याकडून चवथीला नेवऱ्या त्यांच्याकडे जात, नाताळाला त्यांच्याकडून दोदोल आणि बेबिंका येई. त्या वर्षी काकांनी मुलासाठी जपानच्या बंदरातून असलंच तांबडं-पांढरं यंत्र आणलं. मुलगा माझ्याच वयाचा, वर्गातला. काकांनी बजावलं होतं, "हात लावू नका, हे शंभर व्होल्टांचं आहे. म्हापशाहून ट्रान्सफॉर्मर आणतो, मग लावू."

आम्हाला दम कुठला! म्हणजे आम्हाला नव्हे, मला. मित्र पाणी प्यायला आत गेला होता. काकांच्या टेपरेकॉर्डरची कन्व्हर्टर पिन काढून मी जपानी अडॅप्टर त्यात खोचला आणि बटण दाबलं. आधी गुरगुर झाली, मग जळक्या लाखेसारखा वास आला. मित्र धावत आला आणि त्याने बटण बंद केलं. नेमके तेव्हाच काका आत शिरले. त्यांना दिसलं ते एवढंच, की मुलाचा हात बटणावर आहे.

पट्ट्याने मारलं त्याला. मी भिंतीला टेकून उभा होतो. "मी केलं" हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

माझ्या आईचं माहेर भालकी, जिल्हा बीदर. वडील काही वर्षं गुलबर्ग्याला नोकरीला होते, तिथे हे लग्न जमलं. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, नंतर कर्नाटकात आला. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी, अशा तिन्ही भाषा तिथला माणूस एका वाक्यातही वापरतो. मामांचं तिथे रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी फार उदार झाल्याचा आव आणून काकांना म्हणालो, "माझे मामा करून देतील." मे १९९३ मध्ये टॉवेलात गुंडाळलेलं ते यंत्र मांडीवर घेऊन मी आईबरोबर भालकीला गेलो.

मामांनी ते उघडलं, भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "जळालाय तो अडॅप्टर. आतलं वाचलंय, भाच्या." शंभर व्होल्टांच्या ट्रान्सफॉर्मरला दोनशे तीस दिल्यावर त्याची गुंडाळी जळाली; पण यंत्रात ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, येईल ते व्होल्टेज तो पाचावर आणून पुढे सोडतो. त्याने तो जादा भार सोसला होता. अडॅप्टरवरची खूणही मामांच्या लक्षात आली. आपल्या बाजारातल्या बॅटरी एलिमिनेटरच्या पिनेत सहसा मध्ये धन आणि बाहेर ऋण असे, जपान्यांचं उलटं होतं. ते ओळखलं नसतं तर खेळ तिथेच आटोपला असता. मामांनी नऊ व्होल्टांच्या एलिमिनेटरच्या तारा उलट्या जोडल्या आणि यंत्र सुरू केलं.

टीव्हीवर मात्र मुंग्याच. सगळे चॅनल फिरवून झाले तरी काही नाही.

कारण मला कितीतरी वर्षांनी कळलं. हे यंत्र टीव्हीच्या अँटेनातून चित्र पाठवतं, तेही जपानच्या पहिल्या किंवा दुसऱ्या चॅनलवर, म्हणजे ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. आपल्या दूरदर्शनचे चॅनल एकतर त्याच्या खाली किंवा बरेच वर. मधल्या त्या जागेत आपल्याकडे टीव्ही नसतोच, तिथे एफएम रेडिओ असतो. शिवाय त्यांची रंगपद्धत एनटीएससी, आपली पाल.

मामांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण हात चौकस होता. त्यांनी यंत्राची वायर दुकानातल्या टू-इन-वनच्या एरियलला टेकवली आणि एफएमचा काटा सावकाश फिरवला. भालकीत तेव्हा एफएमवर काहीच लागत नसे. पंचाण्णवच्या पुढे कुठेतरी खरखर थांबली. मी स्टार्टचं बटण दाबलं. दोन-तीन क्षण शांतता. आणि रेडिओतून ते उड्या मारणारं संगीत वाजायला लागलं!

"ऐकू यायलंय," मामा म्हणाले, "दिसंना मात्र."

मंडळी, खोटं वाटेल, पण त्या सुट्टीत 'सुपर मारिओ' मी कानांनी खेळलो. मारिओ कसा दिसतो ते कॅसेटवरच्या चित्रापुरतंच माहीत. उजवीकडे दाबून धरायचं, संगीत सुरू झाल्यावर मनात आकडे मोजायचे आणि उडी मारायची. उडीचा आवाज आला की बरं वाटायचं. नाणं मिळालं की टिंग. मेला की ती रडकी धून. पहिला शत्रू कुठे येतो, पहिला खड्डा कितव्या आकड्याला, हे मी मरून मरून पाठ केलं. मामा दुसऱ्या कुणाचा रेडिओ सोल्डर करता करता मान न वर करता विचारायचे, "आज कुठवर गेलास?"

सुट्टी संपली. मामा म्हणाले, "ठेव इथंच. हैदराबादला नेतो, तिथं कुणाला तरी ठाऊक असेल." माझं यंत्र नव्हतंच ते, तरी मी ठेवून आलो. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जनानंतरचीच पहाट ती. भालकीहून किल्लारी साठ-सत्तर किलोमीटर. मामांच्या दुकानाची मागची मातीची भिंत खचली, सामान वाचलं तेवढं ट्रंकांत भरलं गेलं. नंतर किती महिने माणसं अंगणात झोपत होती. अशा वेळी मामांना पत्र लिहून खेळण्याची चौकशी कोण करणार? आईने केली नाही आणि मी तर नाहीच.

इकडे शेजारी कुणीतरी म्हणालं, मामाने विकलं असणार. ते आईच्या कानावर आलं. भांडण असं झालं नाही. पण पुढच्या चवथीला आईने भरलेलं ताट हातात घेतलं, परत ठेवलं, आणि त्या नाताळाला दोदोल आला नाही. दोन घरांच्या मधे एक दगडी गडगा होता, तेवढाच. पण तो उंच झाला.

असो. वर्षं गेली. मित्र पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेला, काका वारले. दोन वर्षांपूर्वी मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाला भालकीला गेलो, तेव्हा मामींनी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. तळाशी तोच टॉवेल निघाला. मामा म्हणाले, "राहून गेलं बघ तुझं काम." ऐकून घशात काहीतरी अडकलं.

आता हे यंत्र आपण नीट करायचं, असं ठरवलं. कला शाखेचा पदवीधर मी, सोल्डरिंगशी संबंध नाही. मूळ यंत्रावर हात साफ करून चालणार नव्हतं, म्हणून तर जपानहून जंक मागवलं. त्याला जपानी अडॅप्टर नकोच होता. गिटारच्या पेडलांना लागणारा नऊ व्होल्टांचा अडॅप्टर अगदी त्याच उलट्या पिनेचा असतो, तो मडगावात वाद्यांच्या दुकानात मिळाला. गोव्यात राहण्याचा असाही फायदा!

चित्रासाठी करायचं ते थोडक्यात असं. चित्र तयार करणाऱ्या चिपच्या एकविसाव्या पायावर व्हिडिओ तयारच असतो. जपानी चॅनलचं सोंग घ्यायच्या आधीच तो तिथून उचलायचा, एका ट्रान्झिस्टरने जरा जोरकस करायचा आणि पिवळ्या सॉकेटात सोडायचा. लागणारं सामान एका मुठीत मावतं. जुने कपॅसिटर बदलायचे. पहिल्यांदा मी बोर्डावरचा एक तांब्याचा पट्टाच उखडला, दुसऱ्यांदा चित्र आलं पण उभ्या फिकट रेघांसकट, तिसऱ्यांदा बरं जमलं.

काही शौकिनांना हे पटत नाही. मूळ वस्तूला कापाकापी नको म्हणतात. मलाही दुरुस्ती आणि बदल यांतला फरक कळतो. जशी होती तशी करून देणं ही दुरुस्ती. पण हे यंत्र जसं होतं तसं आमच्याकडे कधी दिसलंच नसतं. बदलाशिवाय ते आमचं होणारच नव्हतं.

नोव्हेंबरात रजा टाकली. रात्रीच्या बसने कलबुर्गी, तिथून २०१७ साली सुरू झालेल्या बीदरच्या रेल्वेने हुमनाबाद, पुढे बसने भालकी. मामांचे हात आता थरथरतात. ते खुर्चीत बसले आणि मी जमिनीवर. माझी इस्त्री काळी पडलेली बघून त्यांनी जुना डबा मागवला. आत नवसागराचे खडे. तापलेलं टोक त्यावर घासलं, पांढरा धूर निघाला आणि टोक लखलखलं. कल्हईवाले तोच वापरत. बीदरचे बिदरी कारागीरसुद्धा. जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदीची तार ठोकून बसवल्यावर किल्ल्यातली माती आणि नवसागर मिळून लावतात. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच राहते. "काळं करायलाबी हेच, उजळायलाबी हेच," मामा म्हणाले. मग म्हणाले, "तो पाय कापू नको, उचल नुसता. पुढं कुणाला परत जोडावा वाटला तर?"

तसंच केलं. पातवंडांच्या टीव्हीला पिवळी वायर लावली. निळं आकाश आलं, विटा आल्या, टोपीवाला मिशाळ आला. मामा चष्मा पुसून बघत राहिले. मी डोळे उघडे ठेवून खेळलो आणि पहिल्या शत्रूलाच धडकून मेलो! मग डोळे मिटले, आकडे मोजले, उडी मारली. पार झालो.

गोव्यात परतल्यावर मित्राला फोन केला. तीस वर्षांत पहिल्यांदा मी बोललो. मशीन मिळालं, चालतं, पाठवतो म्हटलं. मग ते दुसरंही सांगितलं, की बटण मी दाबलं होतं.

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग तो कोकणीत म्हणाला ते असं, की ठाऊक होतं. पिन त्याने लावली नव्हती, म्हणजे आणखी कुणी लावणार?

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर मार तुलाही बसला असता आणि तू ते मामाकडे नेलं नसतंस. मला मशीन चालू व्हायला हवं होतं."

पाठवू नको म्हणाला. डिसेंबरात येतो, तेव्हा खेळू. तोपर्यंत ते टॉवेलात गुंडाळून माझ्या कपाटात आहे. यंदा आईने चवथीला एक ताट जास्त भरलं. पलीकडे आता त्याची म्हातारी आई एकटीच असते. ताट घेऊन गडगा ओलांडून मी गेलो.