आधी वही, मग भागीदार

आमच्या कलाशाखेत कल्पनांचा दुष्काळ कधीच पडत नाही. कॅन्टीनमधल्या एका चहात दोन धंदे जन्माला येतात. घोडे अडते ते एकाच ठिकाणी : प्रोग्रॅम लिहिणार कोण? मग अभियांत्रिकीतल्या एखाद्या ओळखीच्या मुलाला गाठायचे आणि सांगायचे, “कल्पना माझी, तू फक्त ॲप करून दे. निम्मा नफा तुझा.” बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! त्या ‘फक्त’मध्ये त्याच्या किती रात्री जाणार, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे त्याला रोज भेटतात. त्याने यावे तरी का?

एअरबीएनबी ही जगभर पसरलेली कंपनी. तिची सुरुवात करणारे ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचे माजी विद्यार्थी, म्हणजे जवळजवळ आपल्याच गोत्रातले. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत डिझाइनची परिषद भरली आणि हॉटेले भरून गेली. घरभाड्याची चणचण असलेल्या या दोघांनी हवा भरायच्या गाद्या घातल्या, साधेसे संकेतस्थळ केले आणि तीन पाहुणे पैसे घेऊन घरी ठेवले. गेबियाचा पूर्वीचा खोलीसोबती, प्रोग्रॅमर नेथन ब्लेचार्झिक भागीदार झाला तो त्यानंतर, २००८ मध्ये. त्याच्यापुढे नुसती कल्पना नव्हती; पैसे देऊन राहून गेलेली माणसे होती.

पुढेही हे दोघे हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी ओबामा आणि मॅक्केन यांच्या नावांची सीरिअलची खोकी काढली, ४० डॉलरला एक अशी विकली आणि सुमारे ३०,००० डॉलर उभे केले. ते काम चित्रकाराच्याच डोक्यातून निघू शकते.

मला हे जवळचे वाटते, त्याला कारण आहे. आम्ही तिघे अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देतो. भांडवल म्हणाल तर एक वही आणि फोन. कुणाचा कोणता पेपर, लेखनिक आयत्या वेळी आजारी पडला तर बदली कोण, सारे त्या वहीत आहे. एका मित्राचा लेखनिक पेपरच्या सकाळी आलाच नाही. बदली धावत आला म्हणून त्याचे वर्ष वाचले.

आता वही अपुरी पडते. आम्हालाही प्रोग्रॅमर हवा आहे. त्याला आम्ही ती वही दाखवू, त्या मित्राशी गाठ घालून देऊ. यात नफा असेल, नसेल; पण निर्णयात आणि नावात त्याचा वाटा आमच्याइतकाच राहील, आणि तो आधीच कागदावर येईल. मध्येच सोडून जाणाऱ्याला जेवढे काम तेवढाच वाटा, हा नियम चौघांनाही सारखा. त्याची भाषा कळावी म्हणून आम्ही थोडे प्रोग्रॅमिंगही शिकत आहोत.

वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत असा मित्र असेल, तर परीक्षेपूर्वी त्याला घेऊन या. वही ग्रंथालयात, खिडकीजवळच्या टेबलावर असते.