जुनी कॅलेंडरं

परवा चार दिवस आईकडे गेले होते. स्वयंपाकघरातले खण आवरायचं काम अंगावर घेतलं. (खरं तर आईनेच ते माझ्या अंगावर ढकललं, पण असो.)

आमच्याकडे कॅलेंडर जुनं झालं म्हणून कधी टाकलं जात नाही. भिंतीवर कालनिर्णय, शिवाय वाण्याची, सोनाराची, बँकेची फुकट मिळालेली वेगळी. डिसेंबर संपला की सगळी गुंडाळून माळ्यावर. मग जूनमध्ये गुळगुळीत कागदाची पुस्तकांना कव्हरं व्हायची, पांढरी बाजू बाहेर. खाकी कागद विकत आणणारी मुलं आम्हाला फार श्रीमंत वाटायची! जाड पान असेल तर आई उदबत्तीने सारख्या अंतरावर भोकं पाडून रांगोळीसाठी ठिपक्यांचा कागद करायची. धाकट्याला अंक शिकवले ते मोठमोठ्या तारखा कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून. वरची पत्र्याची पट्टी बाबा जपून ठेवायचे. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं.

देवाची चित्रं मात्र कव्हराला नाहीत आणि खणातही नाहीत. ती कापून एका फाईलमध्ये. लक्ष्मीच्या निदान पंधरा तसबिरी होतील तिथे.

कालनिर्णयची पानं जायची खणांत. तारखा खाली, मागचा मजकूर वर. चमचे काढता काढता मी कितीतरी पाककृती अर्ध्या वाचल्या आहेत. उरलेली अर्धी नेहमी झाऱ्याखाली.

तर परवा चमच्यांचा खण रिकामा केला. तळाशी तेलकट, पिवळं पडलेलं पान. कोपऱ्यात २००९ दिसलं आणि मला माझं जुनं खूळ आठवलं. २००९ आणि २०२६, दोन्ही वर्षं गुरुवारी सुरू होतात आणि दोन्ही लीप नाहीत. म्हणजे २००९ चं कॅलेंडर २०२६ मध्ये खुशाल पुन्हा लावावं, तारीख-वार तंतोतंत जुळतात. सणांना मात्र उपयोग नाही. २००९ मध्ये गणेश चतुर्थी होती २३ ऑगस्टला, २०२६ मध्ये आहे १४ सप्टेंबरला. तिथ्या जुळवायच्या तर साधारण १९ वर्षं मागे जावं लागतं. २००७ मध्ये चतुर्थी १५ सप्टेंबरला होती, बघा, एकाच दिवसाचा फरक!

वार ताडून बघायला म्हणून पान उलटलं. फेब्रुवारी निघाला.

आईचं बारीक अक्षर. 'दूध २'. 'गॅस लावला'. 'पेपरवाला दिले'. आणि ११ तारखेला, 'ह्यांचा रिपोर्ट, ४ वा.'

१२ तारखेपासून प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने एक आकडा. ४०, ३९, ३८... आधी वाटलं दुधाचाच काही हिशेब. २८ तारखेला २४. बोटं मोजत मार्चमध्ये गेले. शून्य येतं ते धाकट्याचा दहावीचा शेवटचा पेपर होता त्या दिवशी.

बाबांच्या आजाराचं आम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी होस्टेलवर होते, फोन आला. "कालच रिपोर्ट आला," असं आई म्हणाली होती. त्या दिवाळीला बाबा नव्हते. चाळीस दिवस आधी कळलं असतं तर मी घरी आले असते, हे माझ्या डोक्यात पटकन आलं. राग आला, खोटं कशाला सांगू. ते चाळीस दिवस माझेही होते. मग दिसलं की त्या सगळ्या दिवसांत 'दूध २' एकदाही चुकलेलं नाही. दोघं मिळून रोज एक आकडा कमी करत होते आणि फोनवर मला विचारत होते, जेवलीस का.

आई मागे येऊन उभी राहिली. पान बघितलं. मी म्हटलं, "तू सांगायचं होतंस गं."

ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यांनीच नको म्हटलं. पोराचं वर्ष जाईल म्हणाले." आणि थोड्या वेळाने, "तुला सांगितलं असतं तर तू लगेच निघून आली असतीस. मग त्याला कळलंच असतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

"कागद बदलायचा तर बदल," आई म्हणाली, "खालचं लाकूड खराब होतं."

मी माळ्यावरून गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, मापाने कापलं आणि खणात घातलं. फेब्रुवारी काढला नाही. तो तसाच खाली आहे, तारखा लाकडाकडे करून. वर चमचे.