मागची पकड

ड्रिफ्टिंग म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना आठवतो तो २००६ सालचा 'टोकियो ड्रिफ्ट'. धूर, किंचाळणारे टायर आणि वळणावर चक्क आडवी होऊन जाणारी गाडी. ते बघून कोणीही म्हणेल की गाडी घसरतेय, म्हणजे मागच्या चाकांना पकड नाही. मग ड्रिफ्टची गाडी बनवायची तर मागची पकड घालवून टाका, की झालं! स्वस्तातले टायर लावा, त्यात ठासून हवा भरा, मागे दगडासारख्या कडक स्प्रिंगा बसवा..

मोकळ्या मैदानात गोल गोल फिरायचं असेल तर एवढं पुरतं. नवशिके सुरुवात अशीच करतात आणि त्यात गैर काही नाही. पण त्यापुढे जायचं असेल तर गणित बरोब्बर उलटं होतं. चांगल्या ड्रिफ्ट गाडीला मागे मिळेल तेवढी पकड हवी असते. हे पहिल्यांदा ऐकलं की कोणीतरी आपली फिरकी घेतंय असंच वाटतं.

जरा मागे जाऊ. १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा जपानी रेसर वळणावर गाडी घसरवत नेण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याचं बघून केइची त्सुचियाने ही गोष्ट डोंगरातल्या घाटरस्त्यांवर घोटली आणि पुढे जगभर 'ड्रिफ्ट किंग' म्हणून नाव कमावलं. २००१ साली जपानमध्ये डी-वन ग्रां प्री मालिका सुरू झाली, २००४ साली अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्ट. घाटातला उद्योग असा रीतसर स्पर्धेचा खेळ झाला. त्यातला खरा कस लागतो तो 'त्सुइसो'मध्ये, म्हणजे जोडीच्या फेरीत. एक गाडी पुढे, दुसरी तिच्या मागे, दोन्ही आडव्या. मागच्याने पुढच्याच्या दाराला जवळजवळ चिकटून राहायचं, मग अदलाबदल. अंतर वाढलं की गुण गेले.

माझ्या टीममधल्या एका जपानी सहकाऱ्याचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं. त्याच्याकडे निस्सान सिल्विया आहे, एस-थर्टीन, मूळचं २०५ पीएसचं टर्बो इंजिन. फुकुशिमातल्या निहोन्मात्सुजवळ एबिसु सर्किट आहे. डोंगरावर अनेक छोटे ट्रॅक आणि शेजारी चक्क सफारी पार्क. तिथे तो त्याच्या एका जुन्या मित्राबरोबर जोडीने चालवतो. एकटा असला की गाडी झकास आडवी जाते, धूरही भरपूर. पण मित्राच्या मागे लागला की प्रत्येक वळणाच्या शेवटी दोन-तीन गाड्यांचं अंतर पडलेलं. अंतर भरून काढायला तो अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबायचा, चाकं आणखी जोरात फिरायची, धूर वाढायचा आणि गाडी आहे तिथेच! त्याचं निदान ठरलेलं होतं: ताकद कमी पडतेय, मोठा टर्बो हवा. त्यासाठी वर्षभर पैसे साठवणं चालू होतं.

आता बघा, चाकं जागच्या जागी फिरताहेत याचा अर्थ असलेलीच ताकद रस्त्यापर्यंत पोचत नाहीये. आणखी ताकद ओतली तर आणखी धूर निघेल, दुसरं काय होणार! सर्व्हरचं नेटवर्क तुंबलेलं असताना प्रोसेसर बदलण्यातला हा प्रकार. शेवटी असं ठरलं की टर्बो घेण्याआधी दोन रविवार फक्त मागच्या सस्पेन्शनला द्यायचे. अट एकच, एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. वही अर्थातच माझ्याकडे :)

पाना हातात घेण्याआधी थोडं पदार्थविज्ञान. घसरणारा टायर म्हणजे मेलेला टायर नव्हे. घसरतानाही तो रस्त्याला ढकलतच असतो आणि त्याच ढकलण्यावर गाडी वळते, पुढेही जाते. हे बळ १० टक्क्यांनी वाढलं आणि पुढच्या चाकांनी साथ दिली, तर त्याच वळणावर वेग साधारण ५ टक्क्यांनी वाढतो, कारण बळ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. ताशी ८० किलोमीटरचे झाले ८४. तीन सेकंदांच्या वळणात याचे सव्वातीन मीटर होतात. वरवर किरकोळ वाटणारा आकडा, पण त्सुइसोमध्ये सव्वातीन मीटर म्हणजे जिंकणं आणि हरणं यातला फरक.

दुसरी गोष्ट वजनाची. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी मागे बसते, हे आपण स्कूटरवरही अनुभवतो. ड्रायव्हरसकट १२५० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, दोन आसांतलं अंतर २.४७५ मीटर आणि त्वरण ०.४ जी धरलं, तर साधारण १०० किलो भार पुढून मागे सरकतो. गंमत म्हणजे मागची स्प्रिंग मऊ केली म्हणून हे १०० किलोचे १५० होत नाहीत. मग स्प्रिंग बदलून मिळतं काय? तर भार किती झटक्याने येतो आणि डाव्या-उजव्या टायरमध्ये कसा वाटला जातो, हे बदलतं. टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तरी पकड दुपटीहून कमीच वाढते. त्यामुळे एका टायरवर सगळं ओझं आणि दुसरा जवळपास हवेत, यापेक्षा दोघांनी सारखं उचललेलं केव्हाही चांगलं. (ऑफिसमध्येही याहून वेगळं काय असतं म्हणा!) मागचं सस्पेन्शन कडक केलं की वळणात बाहेरच्या टायरवर बोजा वाढतो आणि एकूण पकड घटते. सगळ्याचं मूळ हे.

पहिला रविवार. सुरुवात फुकटच्या उपायापासून, म्हणजे हवेपासून. मागच्या टायरची हवा दर फेरीला दोन पीएसआय कमी करत गेलो. हवा कमी तर टायरचा जास्त भाग रस्त्याला टेकतो. पण फारच कमी केली तर आडव्या ओढीने टायर रिमवरून निसटू शकतो, म्हणून इथे अतिउत्साह नको. शिवाय दोन-चार फेऱ्यांत टायर तापून हवा बरीच चढते, त्यामुळे गाडी आत आल्या आल्या, गरम असतानाच मोजायची. सकाळच्या थंड आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

मग कॅम्बर. गाडी खाली बसवलेली असल्यामुळे मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकली होती, जवळजवळ अडीच अंश. या गाडीचं मागचं मल्टी-लिंक सस्पेन्शन दबलं की चाक आणखी आत झुकतं. म्हणजे भार येतो तेव्हाच टायर फक्त आतल्या कडेवर उभा! पुरावा टायरवरच होता: आतली कड गुळगुळीत, बाहेरची जवळपास कोरी. वरचे आर्म लांबी बदलता येणारे होते, त्यामुळे कॅम्बर एक अंशाच्या आत आणता आला. सोबत टो तपासला. मागची चाकं पुढच्या बाजूने किंचित बाहेर फाकलेली होती, त्याने गाडी बावचळते. ती सरळ रेषेहून किंचित आत घेतली. एवढ्यावर टायर सपाट झिजायला लागला आणि धूर चक्क कमी झाला. सहकाऱ्याचा चेहरा मात्र पडला, कारण धूर हीच तर शान!

दुसरा रविवार. मागच्या अँटी-रोल बारचं एक टोक सोडवून नीट बांधून ठेवलं. असा बार निकामी होतो आणि मागची दोन्ही चाकं मोकळी होतात. खर्च शून्य, आणि फरक मात्र ट्रॅकच्या कडेला उभं राहूनही दिसत होता. मग मागचे शॉक अॅब्सॉर्बर तीन क्लिक मऊ केले. शेवटी स्प्रिंगा. पुढेमागे दोन्हीकडे ८ किलोच्या होत्या, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला आठ किलो. मागे ६ च्या टाकल्या. पुढे ८, मागे ६ ही सिल्वियाच्या जपानी कॉइलओव्हर किटांमध्ये सर्रास दिसणारी जोडी आहे, काही आमचा शोध नव्हे.

इथे थांबावं लागलं, कारण पकड फुकट मिळत नाही. ५ ची स्प्रिंगही घालून पाहिली. तेव्हा डाव्या वळणातून उजव्या वळणात जाताना गाडीचं बूड आरामात डोलत यायचं आणि तोवर पुढचा मित्र पार! शिवाय मागची पकड इंजिनाच्या आवाक्याबाहेर गेली की चाकं सुटतच नाहीत, गाडी मध्येच सरळ होते आणि इंजिन दमतं. भिंतीशेजारी अचानक सरळ होणारी आडवी गाडी म्हणजे काय, हे सांगायला नको. तेव्हा 'मिळेल तेवढी पकड' याला शेपूट आहे: आपल्या इंजिनाला मोडता येईल तेवढी. २०५ पीएसला ६ ची स्प्रिंग आणि सोडलेला बार झेपला, म्हणून तिथेच मुक्काम. उद्या मोठा टर्बो आलाच, तर वही नव्याने उघडायची.

दुसऱ्या दिवसअखेर अंतर दोन-तीन गाड्यांवरून एका गाडीच्या आत आलं. चमत्कार नाही, पण इंजिनाला हात न लावता आलं. मला मात्र अंतरापेक्षा त्याच्या मित्राचं बोलणं जास्त महत्त्वाचं वाटलं. तो म्हणाला, आता मला आरसा बघावा लागत नाही. जोडीच्या फेरीत पुढचा माणूस आपलं दार मागच्याच्या भरवशावर उघडं टाकतो. मागच्याची गाडी कधी सुटेल नि कधी सरळ होईल हे सांगता येत नसेल, तर पुढचाही हात राखून चालवतो, आणि मग दोघांचीही फेरी फुसकी होते. मागच्या चाकांना पकड असली की गाडी काल वागली तशीच आज वागते आणि शेजारचा निर्धास्तपणे शंभर टक्के देऊ शकतो.

टर्बोचे पैसे अजून बँकेत आहेत. त्यातले थोडे मागच्या नव्या टायरांवर गेले, चांगल्या चिकट टायरांवर. धूर कमी निघतो म्हणून तो अजूनही अधूनमधून कुरकुरतो, पण वही आता स्वतः लिहितो. असो, बाकी पुन्हा कधीतरी!