खरी कमाई

माझ्या आईने मला आयुष्यात एकदाच मजुरी दिली. पाचाची तीच नोट, दोनदा. पहिल्यांदा दिली तेव्हा मी काम केले नव्हते.

टेंभी नाक्यावर आमची चाळ होती. जवळच्या मिशन शाळेच्या पटांगणात दर शनिवारी, चर्चच्या आश्रयाने चालणारे स्काउटांचे पथक भरे. नवरात्रात देवीच्या आरतीला टाळ कुटणारी माझ्यासारखी पोरे त्यात निम्म्याहून अधिक होती, आणि याचे कुणालाच काही वाटत नसे. आमचे सर ठाण्याचेच, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. मराठी अशी की आमच्या वाण्यालाही त्यांचा हेवा वाटावा.

दोरीच्या गाठी शिकवता शिकवता सर गोष्ट सांगत. १८८३ साली ग्लासगोच्या एका चर्चच्या सभागृहात विल्यम स्मिथ नावाच्या गृहस्थाने उनाड पोरांना कवायतीला लावले. तीच बॉइज ब्रिगेड. पुढे त्यानेच बेडन-पॉवेलला गळ घातली, की तुमचे फौजी टेहळणीचे पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहा. १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर झाले. बड्या शाळांतली मुले आणि ब्रिगेडमधली कष्टकऱ्यांची मुले एकाच तंबूत निजली. इथवर सर रंगून जात. पुढे मात्र त्यांचा आवाज उतरे. १९०९ मध्ये बंगळूरला हिंदुस्थानातले पहिले पथक निघाले, ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांचे. इथल्या पोरांना दार बंद! मग ॲनी बेझंटबाईंनी मद्रासला वेगळी संघटना काढली, १९१८ साली मालवीय, कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभी केली. आणि हे सगळे तुकडे एका झेंड्याखाली यायला ७ नोव्हेंबर १९५० उजाडावा लागला. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, पण या सनावळ्या अजून पाठ आहेत.

वचन घेण्याच्या दिवशी सरांनी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारले, "ईश्वर म्हणणार, की धर्म?" दोन्ही चालते, असा नियमच आहे. मी ईश्वर म्हणालो; उच्चारायला सोपा वाटला, दुसरे काही नाही. ईश्वर आणि देश यांच्याप्रति माझे कर्तव्य, इतरांना मदत, स्काउटचा नियम. तीन बोटे वर करून सगळे खडखडीत म्हटले.

दिवाळीच्या तोंडावर 'खरी कमाई'चा आठवडा आला. शेजारीपाजारी काम मागायचे, मिळतील ते पैसे पथकाला द्यायचे आणि कार्डावर नोंद करायची. चाळीत दारोदार काम मागायची मला लाज वाटली. मी आईकडून पाच रुपये घेतले आणि कार्डावर लिहिले, 'भांडी घासली.'

शनिवारी सरांनी कार्ड वाचले. मग माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. पोरांसमोर एक अक्षर बोलले नाहीत. सगळे गेल्यावर नोट माझ्या खिशात सरकवून म्हणाले, "आईला परत दे. आणि काम काय आहे, ते विचार."

त्या पटांगणापासून चाळीपर्यंतचे अंतर किती ते मी कधी मोजले नाही. त्या दिवशी ते फार होते.

आईने सगळे ऐकून घेतले, नोट कनवटीला लावली आणि माळ्यावरून अभ्यंगस्नानाचा तांब्याचा बंब खाली काढला. वर्षभराचा काळा पडलेला. चिंच आणि मीठ पुढ्यात ठेवून ती करंज्या लाटायला निघून गेली. दिवेलागणीपर्यंत मी घासत होतो. नखांच्या कडा झोंबत होत्या. शेजारच्या काकू दोनदा येऊन पाहून गेल्या. लाज वाटायची ती वाटून संपली. रात्री आईने कनवटीची नोट काढून पुन्हा माझ्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सा सुटेपर्यंत मी चर्चच्या फाटकाशी उभा राहिलो. सर आले. स्काउटांच्या रीतीने त्यांनी डावा हात पुढे केला, माझा हात हातात घेतला आणि जरा नाकाशी नेला.

"चिंच?"

मी मान हलवली. सरांनी खिशातले पेन काढले.