माजघरांतील खळगा आणि खातव्यवहार

घर बांधणाऱ्यास जमीन सपाट दिसते. ती तशी नाहीं हें वृद्धांच्या पायांना आधीं कळतें. गंगाखेडच्या आमच्या घरीं मातोश्री वॉकरच्या आधारानें चालतात. माजघराच्या ईशान्य कोपऱ्यांत वॉकरचा एक पाय अधांतरीं राही, आणि दोनदां त्या पडतां पडतां वाचल्या. तेव्हां ही जमीन समतल करून घेणें हा हौसेचा प्रश्न उरला नव्हता.

हल्लीं याकरितां सिमेंटयुक्त भुकटी मिळते. ‘सेल्फ लेव्हलिंग कंपाऊंड’ असें तिचें नांव. पाण्यांत कालवून ओतली म्हणजे ती पसरते व पाण्याप्रमाणें आपली सपाटी आपण शोधते. प्रश्न एवढाच कीं, पिशव्या किती आणाव्या? पहिल्या गवंड्यानें सर्वांत खोल जागीं पट्टी लावून अठरा सांगितल्या. दुसरा म्हणाला, “सात-आठ आणा गुरुजी, कमी पडल्या तर पुन्हां आणूं.” हा दुसरा सल्ला मला अधिक घातक वाटला. कालवलेली भुकटी पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होऊं लागते. बाजारांतून परत येईपर्यंत अर्धी जमीन धरलेली असावयाची, आणि सांध्याची कड कायमची राहावयाची. अठरा पिशव्यांचा भार तरी पेन्शनरानें कां सोसावा?

भास्कराचार्यांनीं 1150 च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ंत खातव्यवहार नांवाचें प्रकरण आहे. वेड्यावांकड्या खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली अनेक ठिकाणीं मोजावी, बेरजेस ठिकाणांच्या संख्येनें भागावें, आणि तिन्ही सममितींचा गुणाकार करावा, हा त्यांतील नियम. तेथील उदाहरणांत लांबी 10, 11, 12 हात, रुंदी 6, 5, 7 व खोली 2, 4, 3. म्हणजे 11, 6 व 3 यांचा गुणाकार, 198 घनहस्त. आमचा खळगा हातांऐवजीं मिलिमीटरांचा, एवढाच भेद.

खोली 4.2 मीटर लांब व 3 मीटर रुंद, म्हणजे 12.6 चौरस मीटर. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनें चारही भिंतींवर एका पातळीच्या खुणा केल्या, दोऱ्या ताणल्या, आणि जमिनीचे बारा सारखे भाग पाडून प्रत्येकाच्या मध्यावर दोरीपासून खालीं मोजलें. मध्यावरच मोजावें, भिंतीलगत मोजल्यास कडांना फाजील महत्त्व येतें. सर्वांत उंच जागेपासून खोली अशी निघाली: 0, 2, 4, 5, 3, 6, 9, 8, 5, 9, 15, 18. बेरीज 84, सरासरी 7. उंच जागेवरहि 3 मिलिमीटर थर हवा, म्हणून 10. आमच्या पिशवीवर चौरस मीटरास, मिलिमीटरमागें 1.7 किलो भुकटी लिहिली होती. 12.6 × 10 × 1.7 म्हणजे सुमारें 214 किलो. बादलीस चिकटणारी व भेगांत जाणारी धरून दहा टक्के अधिक, म्हणजे 236. पंचवीस किलोच्या दहा पिशव्या.

परंतु परभणीकडच्या काळ्या मातीवर हें गणित पुरेसें नाहीं. ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, आणि वरची जमीनहि कित्येकदां तिच्याबरोबर हलते. हलत्या जमिनीवर ओतलेला थर तडकणारच. म्हणून मीं मापें भाद्रपदांत घेतलीं व तींच पुन्हां वैशाखांत. बाराहि जागीं फरक पडला नाहीं, तेव्हांच गवंड्यास बोलाविलें. आधीं धूळ झाडून प्रायमर लावून घेतला, कारण कोरडें काँक्रीट मिश्रणांतील पाणी पिऊन टाकतें व तें पसरत नाहीं.

दहावी पिशवी फोडावी लागली. तिच्यांतील निम्मी भुकटी उरली. फोडलेली पिशवी दमट हवेंत टिकत नाहीं, म्हणून त्याच दिवशीं न्हाणीघराबाहेरचा लहान खळगा तिनें भरून घेतला.