शेप्याची कोय

हापूसची कोय लावली की हापूसच येणार, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. मोहोरावर माश्या आणि कीटक बसतात, ते कुठल्या कुठल्या झाडाचे पराग घेऊन येतात, आणि त्यातून जी कोय धरते तिच्यात आईइतकाच कुणा अनोळखी बापाचाही वाटा असतो. हुबेहूब तेच झाड हवं असेल तर त्याची काडी आणून दुसऱ्या रोपावर कलम बांधावं लागतं. बाजारातला हापूस, केसर असा कलमांवरचाच असतो. हे सगळं माहीत असूनही वडोदऱ्याच्या आमच्या घरामागे आम्ही कोयच लावली, कारण काडी घ्यायला झाड उरलं नव्हतं.

माझ्या आईचं माहेर राजापूर तालुक्यातलं. घराच्या मागच्या अंगाला एक जुना रायवळ आंबा होता. कोकणात रायवळ झाडांना घरचीच नावं असतात: गोड असेल तर साखऱ्या, गोल असेल तर गोटी. आमच्याला शेपूसारखा वास, म्हणून तो शेप्या. फळ लहान, रेषाळ, कापून खाण्याजोगं नाहीच. माचून, देठ काढून चोखायचा, नाहीतर ओलं खोबरं आणि मोहरी वाटून त्याचं सासव करायचं. आई लग्न होऊन इकडे आली तरी दर मे महिन्यात मामांकडून शेप्याची पिशवी यायचीच. हापूसच्या पेटीआधी ती उघडली जायची.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून वर सरकलं आणि पुढे आपल्या गुजरातेत घुसलं. गीरकडे केसरच्या बागा झोपल्या, तिकडे शेप्या मुळासकट पडला. वीज नाही, फोन नाही. मामांचा आवाज कानावर आला तेव्हा फांद्या तोडून, वाळून गेल्या होत्या. पण पाडाला आलेली फळं त्यांनी वेचून ठेवली होती. त्यांची आढी घातली आणि इकडे येणाऱ्या एका नातलगाबरोबर पाठवली. तीसेक फळं धड पोचली. आपल्या शेजारपाजारी गोटली भाजून मुखवास करतात, पण त्या वर्षी आईने एकही कोय कुणाला दिली नाही.

कोय लावायची तर घाई करावी लागते. ती गव्हासारखी डब्यात भरून ठेवता येत नाही. आतला गर वाळला की उगवण जाते, काही आठवड्यांचाच खेळ. आम्ही बारा चांगल्या कोयी निवडल्या. घासून त्यांचा गर-रेषा काढल्या, एक दिवस सावलीत सुकवल्या. मग सुरीने कडेची शिवण हळूच उकलून आतली बी बाहेर काढली. टरफलासकट लावली तरी उगवते, पण वेळ लागतो, आणि आत किडकी आहे की नाही हे कळत नाही. बी फुगीर बाजू वर करून इंचभर मातीखाली ठेवली. पिशव्या उंच घेतल्या, कारण आंब्याचं सोटमूळ पानांच्या आधी खाली धावतं. पाणी रोज, पण चिखल होईल इतकं नाही.

तीन आठवड्यांत सात कोयी उगवल्या. आंब्याची कोवळी पालवी तांबूस, लोंबती, जणू उन्हाने मान टाकलेली. मुलाला वाटलं रोपं मेली. चार-सहा दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ झाली.

खरं नवल पुढेच होतं. सातांपैकी पाच पिशव्यांत एकेका कोयीतून दोन-दोन, तीन-तीन कोंब वर आले. माती सारून पाहिलं तर प्रत्येकाला स्वतःचं मूळ. एकाच बुंध्याला फुटलेल्या फांद्या नव्हत्या त्या. हापूस, केसर, लंगडा, दशहरी यांच्या कोयीत एकच गर्भ असतो. पण आग्नेय आशियातल्या पुष्कळ आंब्यांत, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्याही काही आंब्यांत, एका कोयीत अनेक गर्भ असतात. त्यांना बहुभ्रूणी म्हणतात. त्यातले बहुतेक गर्भ परागाशिवाय, आईच्याच पेशींपासून तयार होतात. म्हणजे त्यांतून आलेलं रोप हे आईचं मूल नसून आईच असते.

म्हणजे आमच्या पिशव्यांत शेप्या परत आला असण्याची शक्यता होती. कोणता कोंब आईचा आणि कोणता परागातून आलेला, हे नुसतं पाहून ठरत नाही. सगळ्यात हडकुळा तो बाहेरचा असं मानतात, पण ते दर वेळी खरं निघत नाही. आईने प्रत्येक रोपाचं एकेक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि तीन रोपं बाजूला काढली. तिला त्यांना शेपूचा वास आला. मला सगळ्यांनाच कैरीचा आला.

दुसऱ्या पावसाळ्यात एक रोप घरामागे जमिनीत गेलं, एक मामांकडे जुन्या जागी, आणि एक बहिणीकडे इंदूरला. उरलेली वाटून टाकली. आमच्याकडे जागा एकाच झाडापुरती, आणि तिथेच वाद सुरू झाला. कोयीच्या झाडाला फळ धरायला सहा-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. कलम तीन-चार वर्षांत फळतं. माळीकाका म्हणाले, बुंधा पेन्सिलीएवढा झालाय, शेंडा उडवून केसरचं कलम बांधू. मुलालाही तेच पटलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं: एवढी जागा अडवायची, इतकी वर्षं थांबायचं, आणि शेवटी आंबट निघाला तर? पण शेंडा उडवला की त्या रोपाचं स्वतःचं फळ कधीच दिसणार नव्हतं. खाली फक्त मुळं त्याची राहिली असती.

आई इतकंच म्हणाली, "केसर बाजारात मिळतो रे. शेप्या कुठे मिळतो?"

शेवटी दोघांचं राहिलं. मुख्य खोड तसंच वाढू दिलं, आणि तिसऱ्या वर्षी जुलैत दक्षिणेकडच्या एका बाजूच्या फांदीवर केसरची काडी पाचर कलमाने बांधली. फांदीला खाच, काडीला पाचर, वर प्लास्टिकची पट्टी घट्ट, आणि काडी सुकू नये म्हणून पिशवीची टोपी. महिन्याभरात डोळे फुटले. दुसऱ्याच वर्षी त्या फांदीला मोहोर आला आणि तीन फळं टिकली. मुलाने एक पहिल्यांदा आजीला दिलं. मुख्य खोडाला अजून मोहोर नाही.

कोयीचं झाड हा जुगार आहे खरा, आणि बहुतेक वेळा त्यातून साधाच आंबा निघतो. पण आज नावाजलेली आपली जुनी झाडंही कधीतरी अशीच कोयीतून उगवली. लखनौजवळच्या दशहरी गावात दशहरीचं मूळ झाड अजून दाखवतात. कुणीतरी त्याला फळ येईपर्यंत थांबलं, चाखलं, आणि मगच त्याच्या काड्या गावोगाव गेल्या.

तेव्हा तुमच्या आजोळी, गावच्या घरी एखादं आवडतं जुनं झाड असेल तर ते उभं आहे तोवर, याच पावसाळ्यात, त्याची काडी एखाद्या रोपावर बांधून घ्या. अनुभवी माळ्याला हे अर्ध्या तासाचं काम आहे. आणि झाड गेलंच असेल, पण त्याचं शेवटचं फळ कुणाच्या घरी पिकत असेल, तर कोय कचऱ्यात जाऊ देऊ नका. ओली असतानाच लावा, उंच पिशवीत, आणि किती कोंब येतात ते मोजा.