येळवस

मार्गशीर्ष अमावास्येच्या दिवशी आमच्या शाळेतली बाके रिकामी असतात. मुख्याध्यापक म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुलांना कारण विचारायला हवे. पण विचारत नाही. लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी या सगळ्या पट्ट्यात त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते माणसांनी भरतात. आम्ही तिला वेळ अमावास्या म्हणतो, बोलताना येळवस. कन्नड शेजारी एळ्ळ अमावास्या म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ.

लहानपणी आदल्या रात्री मला झोप लागत नसे. माय पहाटे चारला उठवी. दात वाजत असत. पण हंड्यातले कढत पाणी अंगावर पडले की बरे वाटे. बैलगाडीत कडबा आणि त्यावर वाकळ अंथरून आम्ही निघत असू. टोपल्यांत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तुरीच्या आणि हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी. आणि मायच्या मांडीशी आंबिलाची बिंदगी. ताकात ज्वारीचे पीठ कालवून आंबवलेली ती लसूण-जिऱ्याची आंबील वाटेभर घमघमत असे.

शेतात कडब्याची कोप असे आणि आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाली की एकाने बिंदगी डोक्यावर घेऊन पुढे चालायचे आणि दुसऱ्याने डहाळीने पिकावर आंबील शिंपडत आरोळी द्यायची. कन्नडभाषक याला चरग म्हणतात. त्या आरोळीचे शब्द ना धड मराठी, ना धड कन्नड. "माय, ही भाषा कोणती?" असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "कुणाला ठाव बाबा. शेताला कळतंय, बस्स."

मायचे माहेर उदगीर तालुक्यातले. तिचे लग्न झाले तेव्हा माहेर आणि सासर दोन्ही हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उदगीर मुंबई राज्यात गेले आणि आमचे भालकी म्हैसूर राज्यात. "मी हाय तिथंच हाय, हद्दच सरकली," असे ती हसून सांगे.

वडील गेल्यावर २००९ साली अण्णांची आणि माझी वाटणी झाली. पुढे बांधावरचा दगड हातभर सरकला असे मला वाटले, आणि तो मीच सरकवला असे अण्णांना वाटले. वर्गात नागरिकशास्त्र शिकवणारा मी, हातभर जमिनीसाठी मोजणी आणली. बोलणे तुटले. एका शेतात दोन कोपी उभ्या राहिल्या. दोन्हीकडची लेकरे उंडे खाता खाता बांधापलीकडे बघत बसत.

२०११ च्या डिसेंबरातली येळवस. थंडी कडाक्याची होती. माय कोणाच्या कोपीत जेवणार, हे मी विचारले नाही आणि अण्णांनीही नाही. ती कोणाच्याच कोपीत गेली नाही. वाकळ पांघरून बांधावर बसून राहिली. शिंपण्याची वेळ झाली तेव्हा तिने माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर बिंदगी ठेवली आणि अण्णांच्या थोरलीच्या हातात डहाळी दिली.

"आजी, कुठवर जायचं?" मुलाने विचारले.

"शेत संपंस्तोवर."

पोरे निघाली. वाटणीचा दगड कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हते. ज्वारीतून, करडईच्या कडेने, अण्णांच्या आंब्याखालून, माझ्या हरभऱ्यातून ती जुन्या अकरा एकरांना वळसा घालून आली. ताटांमुळे ती दिसत नव्हती; फक्त आरोळी ऐकू येत होती, कधी इकडून, कधी तिकडून. अण्णा त्यांच्या कोपीपाशी उभे होते, मी माझ्या.

पोरे परतली तेव्हा बिंदगीत थोडी आंबील उरली होती. माय म्हणाली, "घरी परत न्यायची नसती." अण्णा आले. वाटी तोंडाला लावून म्हणाले, "यंदा चांगली आंबली." मी म्हणालो, "वहिनींची भज्जी वाढा की." आमचे समझोत्याचे बोलणे एवढेच झाले. संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून हेंडगा फिरवला तो दोन्ही घरांनी मिळून.

दगड अजून तिथेच आहे आणि तो कोणी सरकवला यावर आजही आमचे एकमत नाही. पण त्यानंतर कोप एकच उभी राहते, दर वर्षी बांधावर. २०१८ साली माय गेली. आता मुलगा हैदराबादला नोकरीत आहे, पुतणी पुण्यात. दिवाळी संपली की मुलाचा फोन येतो, "बाबा, येळवस कोणत्या वारी? रजा टाकायची आहे." मी पंचांग उघडतो आणि त्याला सांगण्याआधी अण्णांना हाक मारतो. वार तेच सांगतात.